मुलाचे पोट दुखते तेव्हा रक्ताचा रिपोर्ट किती खरा?

नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीतले आमच्या ओळखीचे घर. वडील वालीवच्या कारखान्यात पाळीवर जातात, आई घरी बसून इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवते, आजी नातवंडे सांभाळते. धाकटा नातू नऊ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी संध्याकाळी तो शाळेतून आला आणि जेवायला नको म्हणाला. बेंबीभोवती दुखते आहे, एवढेच सांगे. आईने ओवा-मीठ चावायला दिले. आजीने हिंग पाण्यात कालवून बेंबीवर लावला. तरी एक उलटी झाली, म्हणून रात्री साडेआठच्या सुमारास त्याला गल्लीतल्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि शेजारच्या लॅबमध्ये रक्त द्यायला सांगितले.

रिपोर्ट मंगळवारी सकाळी अकराला हातात आला. पांढऱ्या पेशी ९,८००, सीआरपी ४. "रिपोर्ट नॉर्मल आहे, गॅसेसचे दुखणे असेल," असे दवाखान्यातून सांगण्यात आले. आईचा जीव भांड्यात पडला. मंगळवारी दिवसभर मुलगा पडून होता. रात्री दुखणे बेंबीपासून सरकून उजव्या बाजूला खाली आले. पाय पोटाशी घेऊन तो एका कुशीवर पडला, खोकला आला की कळवळे, मोरीपर्यंत जायचे तर वाकून चाले. आजी म्हणाली, पुन्हा दाखवू या. पण रिपोर्ट तर नॉर्मल होता! दोनशे-तीनशे रुपये देऊन आणलेला, छापील, शिक्का मारलेला कागद. आजीच्या शब्दापेक्षा कागदाचे वजन जास्त पडले.

बुधवारी दुपारी दुखणे एकाएकी कमी झाले. घरात सगळ्यांना हायसे वाटले. संध्याकाळी पोराचे अंग तापाने फणफणले आणि पोट लाकडाच्या फळीसारखे टणक झाले. मध्यरात्री मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचले तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. तिथे पुन्हा रक्त तपासले. पेशी १९,०००च्या वर आणि सीआरपी १४०. तातडीने शस्त्रक्रिया झाली, अकरा दिवस मुलगा खाटेवर होता. तो वाचला, आता शाळेत जातो. वडिलांचे अकरा दिवसांचे खाडे झाले, ते वेगळेच.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "पहिला रिपोर्ट खोटा होता का?"

तो खोटा नव्हता. सोमवारी रात्री साडेआठ वाजता त्या मुलाच्या रक्तात जे होते तेच त्या कागदावर उतरले होते. चूक झाली ती अशी, की सोमवारी रात्रीचा कागद मंगळवारी रात्रीच्या पोटाला लावला गेला. रिपोर्ट हातात येतो तेव्हाचा नसतो. सुई टोचली त्या घटकेचा असतो. मधल्या तासांत रोग पुढे गेलेला असतो आणि कागद तिथेच थांबलेला असतो. हे कळण्यासाठी पोटात काय घडते आणि रक्तात ते किती वेळाने उमटते, हे थोडे नीट पाहावे लागेल.

पोटात काय घडते

लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथे, पोटाच्या उजव्या बाजूला खाली, करंगळीसारखी एक नळी लोंबत असते. शुद्ध मराठीत आंत्रपुच्छ, आपल्या बोलण्यात अपेंडिक्स. तिचे एक तोंड बंद आणि एक आतड्यात उघडे. हे उघडे तोंड कधी घट्ट मळाच्या खड्याने बंद होते, कधी तिथल्याच गाठी सुजून बंद होते. मग आतला स्राव आतच साचतो, नळी फुगते, तिच्या भिंतीतला रक्तपुरवठा दबतो, जंतू माजतात. वेळेत उपाय झाला नाही तर भिंत सडून फुटते.

दुखणे आधी बेंबीपाशी आणि मग उजवीकडे का, हा प्रश्न अनेक माउल्यांना पडतो. आतड्याच्या या भागाच्या नसा मेंदूला नेमकी जागा सांगू शकत नाहीत, फक्त "मधोमध दुखते" एवढे कळवतात. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग नेमक्या जागेवर कळ येते. म्हणून दुखणे सरकले, तर ती चांगली खूण नव्हे. आणि फुगलेली नळी फुटली की आतला दाब एकदम सुटतो, काही वेळ दुखणे उतरते. त्या घरी बुधवारी दुपारी जो आराम वाटला तो हाच.

मोठ्या माणसाला हे व्हायला दोन-तीन दिवस लागतात असे म्हणतात, पण लहान मुलात पुष्कळदा त्याहून लवकर होते. पाच वर्षांच्या आतली मुले तर दुखण्याची जागाही सांगू शकत नाहीत. ती नुसती रडतात, ओकतात, कधी पातळ शौचाला जातात. आणि निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असते, असे या वयात वारंवार घडते.

हा रोग नवा नाही. १७३५ साली लंडनमध्ये अमायंड नावाच्या सर्जनने अकरा वर्षांच्या मुलाचे अपेंडिक्स काढले, ती नोंदवलेली पहिली शस्त्रक्रिया. पण रोगाला आजचे नाव आणि ओळख मिळाली ती १८८६ मध्ये, बोस्टनच्या डॉ. फिट्झ यांच्यामुळे. पुढे १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक ऐन वेळी पुढे ढकलावा लागला तो याच दुखण्यामुळे. त्याच्या पोटातला पू काढणारे सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हज. राजा वाचला. पण त्याआधी दोनच वर्षे, १९०० मध्ये, याच ट्रीव्हजची स्वतःची तरुण मुलगी अपेंडिक्स फुटून गेली होती. ज्याचा हात या रोगावर सगळ्यांत बसलेला, त्याच्याच घरात वेळ निघून गेली. तेव्हा आमच्या वाचक माय-बापांनी स्वतःला फार दोष देत बसू नये.

पांढऱ्या पेशी आणि सीआरपी

आता रक्ताकडे येऊ. शरीरात कुठे जंतूंनी घर केले की हाडांच्या मगजातून पांढऱ्या पेशींची कुमक सुटते. ही कुमक काही तासांतच दिसू लागते. मोठ्या माणसात या पेशी एका घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असतात. लहान मुलात मूळच्याच थोड्या जास्त, तान्ह्यात त्याहून जास्त. बऱ्याच लॅब छापील कागदावर मोठ्या माणसाचेच आकडे टाकतात. म्हणून चार वर्षांच्या मुलाचा आकडा १२,००० आला आणि समोर ठळक अक्षर छापले, तर तेवढ्यावरून घाबरू नये.

या पेशींचे प्रकार असतात. त्यांतला न्यूट्रोफिल हा जंतूंवर आधी धावून जाणारा. जुने डॉक्टर त्याला पॉलिमॉर्फ म्हणतात. रिपोर्टात तो टक्क्यांत असतो. टक्का आणि एकूण आकडा यांचा गुणाकार केला की खरी संख्या मिळते. एकूण १४,००० आणि न्यूट्रोफिल ८२ टक्के, म्हणजे ११,४८०. डॉक्टर पाहतात तो हा आकडा.

दुसरी तपासणी सीआरपी, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात हे द्रव्य सापडले. ते यकृतात तयार होते. सूज कुठे झाली हे ते सांगत नाही. शरीरात कुठेतरी मोठी सूज आहे एवढेच सांगते. आणि ते सावकाश येते. सूज सुरू झाल्यावर साधारण सहा ते बारा तासांनी वाढू लागते आणि वरच्या टोकाला पोहोचायला दोन दिवस लागतात. म्हणजे दुखणे सुरू झाल्यावर दोन-तीन तासांत काढलेल्या रक्तात सीआरपी ४ येणे हे अगदी स्वाभाविक आहे. त्या वेळी त्याला विचारणे म्हणजे दुपारी बाराला सुटणाऱ्या गाडीची सकाळी सातला फलाटावर चौकशी करण्यासारखे. गाडी नाही म्हणून रद्द झाली असे होत नाही.

थोडक्यात, पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशींचा आकडा जास्त कामाचा, दुसऱ्या दिवसापासून सीआरपीचा. दोन्ही चढलेले असतील तर संशय बळावतो. सीआरपी फार चढला, पन्नासच्या वर, शंभराच्या वर गेला, तर नळी फुटल्याची किंवा गळू झाल्याची शंका डॉक्टर घेतात. एक दिवस उलटून गेल्यावर दोन्ही शांत असतील आणि पोटही मऊ असेल, तर अपेंडिक्सची शक्यता पुष्कळ कमी होते. पण शून्य होत नाही. अपेंडिक्स सुजलेल्या काही मुलांत पहिला रिपोर्ट ठणठणीत येतो, ही डॉक्टरांनाही माहीत असलेली गोष्ट आहे.

इथे एक बारीक पण महत्त्वाची बाब. काही लॅब सीआरपी एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये छापतात, काही एका डेसिलिटरमागे. दोन्हींत दहा पटींचा फरक. एका लॅबचे ६ म्हणजे दुसरीचे ०.६. आदल्या दिवशी एका लॅबमध्ये आणि दुसऱ्या दिवशी दुसरीत रक्त दिले तर "कालचा ३० आज ५ झाला, उतार पडला" असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात तो ३० चा ५० झालेला असतो. म्हणून आकड्याच्या बाजूला काय छापले आहे ते डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी. शक्य असेल तर दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये जावे.

दहापैकी रक्ताला दोनच गुण

लहान मुलांच्या अपेंडिक्ससाठी डॉक्टर लोक एक गुणपत्रिका वापरतात. २००२ पासून ती जगभर चालते. एकूण गुण दहा. दुखणे बेंबीकडून उजवीकडे सरकले तर एक. भूक मेली तर एक. मळमळ किंवा उलटी, एक. ताप, एक. उजव्या बाजूला खाली दाबल्यावर दुखणे, दोन. खोकल्यावर, उडी मारल्यावर किंवा पोटावर बोट ठोकल्यावर तिथे कळ येणे, दोन. हे झाले आठ. उरलेल्या दोनांत पांढऱ्या पेशी १०,०००च्या वर असतील तर एक आणि न्यूट्रोफिलची संख्या ७,५००च्या वर असेल तर एक. सात किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे दाट संशय. तीन किंवा कमी म्हणजे शक्यता थोडी. मधल्यांना थांबवून, सोनोग्राफी करून, काही तासांनी पुन्हा तपासून ठरवायचे.

आता आमच्या त्या नऊ वर्षांच्या मुलाला या पत्रिकेत बसवून पाहा. सोमवारी रात्री भूक नाही आणि उलटी, म्हणजे फक्त दोन. त्या रात्री गल्लीतल्या डॉक्टरांना संशय आला नाही यात फार नवल नाही. मंगळवारी रात्री? दुखणे सरकले, एक. भूक नाही, एक. उलटी झाली होती, एक. उजवीकडे दुखते, दोन. खोकल्यावर कळ, दोन. ताप नसताना आणि रक्ताचा थेंब न तपासता सात! आजीच्या डोळ्यांना ते दिसत होते. तिला गुणपत्रिका ठाऊक नव्हती इतकेच.

स्वीडनमध्ये २००८ साली आणखी एक पत्रिका तयार झाली. तीत बारा गुण, आणि त्यांतले सहा रक्ताचे. सीआरपीलाही जागा दिली आहे. म्हणजे रक्ताला किती मान द्यायचा यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. पण नुसत्या रक्तावर निकाल देणारी पत्रिका दोन्हींपैकी एकही नाही. एकाच तपासणीत रोग पकडणारे द्रव्य शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. २००९ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील संशोधकांना लघवीत असे एक प्रथिन आढळले आणि मोठी आशा वाटली. प्रोकॅल्सिटोनिन नावाची एक महाग तपासणी आहे, ती नळी फुटल्यावर चढते, साध्या सुजेत फारशी चढत नाही. रोजच्या व्यवहारात अजूनही साधी रक्तगणना, सीआरपी, सोनोग्राफी आणि डॉक्टरांचा हात, यांवरच भिस्त आहे. महागड्या तपासण्यांचे पॅकेज घेऊन पैसे घालवण्यापेक्षा साधी तपासणी सहा ते बारा तासांच्या अंतराने दोनदा केलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोनोग्राफीबद्दलही एक शब्द. पोटात वायू भरला असेल किंवा मूल रडत असेल तर अपेंडिक्स दिसतच नाही. "अपेंडिक्स दिसले नाही" याचा अर्थ "अपेंडिक्स बरे आहे" असा नव्हे.

जाता जाता एक गंमत. २०१२ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टरांनी पोट दुखणाऱ्या मोठ्या माणसांना विचारले, की रुग्णालयात येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणे वाढले का? ज्यांना खरोखर अपेंडिक्स निघाले अशा ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले. वसई-विरारच्या रस्त्यांवरून रिक्षाने जाणाऱ्या आमच्या वाचकांना ही तपासणी फुकट आणि खड्ड्याखड्ड्याला होत असते. तेव्हा रिक्षा आदळली की पोर कसे करते ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. यात हसण्यासारखे काही नाही, ते याचीच वाट पाहत असतात.

आपल्याकडचे काही घोटाळे

पावसाळ्यात आपल्या भागात तापाची साथ असते आणि पोटदुखी बऱ्याच रोगांत होते. इथे रक्ताचा दुसरा उपयोग आहे. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात. टायफॉइडमध्येही पांढऱ्या पेशी बहुधा चढत नाहीत. तेव्हा आकडा खाली गेला असेल तर डॉक्टर वेगळ्या दिशेने विचार करतात. मात्र पहिल्याच दिवशी विडाल तपासणी "पॉझिटिव्ह" आली म्हणून टायफॉइडची औषधे सुरू करणे हा घोटाळा ठिकठिकाणी होतो. विडालमध्ये खरा बदल दिसायला बहुधा दुसरा आठवडा उजाडतो. आधी कधी होऊन गेलेल्या तापामुळेही ती पॉझिटिव्ह येते. अशा औषधांनी अपेंडिक्सची सूज थोडी दबते, बरी होत नाही, आणि निदान लांबते.

लघवीत थोड्या पेशी सापडल्या तर "लघवीला जंतुसंसर्ग" म्हणून सोडून देतात. सुजलेले अपेंडिक्स मूत्राशयाजवळ असेल तर लघवीत पेशी येऊ शकतात. फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तरी लहान मूल पोटच दुखते म्हणते, आणि पेशी व सीआरपी दोन्ही चढलेले असतात; म्हणून छाती तपासल्याशिवाय पोट उघडू नये. मुलगी वयात येत असेल तर उजव्या बाजूचे दुखणे बीजकोशाचेही असू शकते. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारले तर आईने संकोच न करता उत्तर द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावी. विदर्भातून मुंबईच्या उपनगरांत आलेल्या आपल्या कुटुंबांत आणि पालघरच्या आदिवासी बांधवांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या कळेतही पोट भयंकर दुखते आणि पांढऱ्या पेशी मुळातच जास्त असतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधीच सांगावे. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक असावे लागते.

आणि घरगुती उपचार. हिंगाच्या लेपाने काही बिघडत नाही. पण "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळणे, वाटी बसवणे, "पोट साफ होईल" म्हणून एरंडेल किंवा जुलाब देणे, हे घातक आहे. सुजलेली नळी त्याने फुटू शकते. अंगारा-धुपारा, उतारा यांविषयी आम्ही वेगळे काय सांगावे? वसईच्या भुईगावात १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर लोक जे निरर्थक विधी करतात त्यांतून फारसे फळ मिळत नाही, हा त्या शिलालेखाचा विषय आहे. म्हणजे आपल्याच सोपाऱ्याच्या वेशीवर हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरले होते!

आपल्या परंपरेत दुखऱ्या पोटाला हात घालणारा वैद्यही आहे. विनयपिटकात जीवकाची कथा येते. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाला कोलांट्या मारण्याच्या खेळात आतड्याला गाठ पडली. पेज पचेना, मुलगा वाळत चालला. जीवकाने आधी त्याला नीट तपासले, मग खांबाला बांधून पोट उघडले, आतड्याची गाठ सोडवली, टाके घालून मलम लावले आणि मुलगा बरा झाला. कथेतले तपशील वैद्यांनी तपासावेत. आम्हाला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो : आधी पाहणे, मग कापणे.

कारण उलटही घडते. पेशी चढल्या म्हणून लगेच "आत्ताच्या आत्ता ऑपरेशन, पैसे भरा" असे कोणी म्हटले तर घाबरून सही करू नये. शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात. पोट दाबल्यावर नेमके कुठे दुखते? सोनोग्राफीत काय दिसले? काही तास दाखल ठेवून पुन्हा तपासता येईल का? प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. काही मुलांत, सूज साधी असेल तर, दाखल ठेवून नुसत्या औषधांवरही भागवतात. पण त्यांतल्या काहींना पुढे पुन्हा तोच त्रास होतो, हेही विचारून घ्यावे.

कुठे आणि केव्हा न्यावे

वसई पारनाक्याचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळींज रुग्णालय ही महापालिकेची आहेत, बंगलीला कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे. तिथे पोहोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की लहान मुलाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर आज रात्री आहेत का. नसतील तर तिथेच वेळ न दवडता पुढे कुठे जायचे ते चिठ्ठीवर लिहून मागावे. मुंबईच्या बाजूला कांदिवलीत बाबासाहेबांच्या नावाचे महापालिकेचे रुग्णालय आहे, ज्यांचे ईएसआयचे कार्ड आहे त्यांच्यासाठी कांदिवलीलाच ईएसआयचे रुग्णालय आहे, आणि परळला लहान मुलांसाठीच बांधलेले वाडिया रुग्णालय व शेजारी केईएम आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरातून निघतानाच पिशवीत टाकावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट आहे.

परळचे नाव आले म्हणून सांगतो. बाबासाहेब आणि माता रमाई परळच्याच बी.आय.टी. चाळीत राहत. त्यांची चार लेकरे बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये गेला. वाडिया रुग्णालय त्याच परळात १९२९ मध्ये उभे राहिले. आज विरारहून लोकलने दीड तासात आपण तिथे पोहोचू शकतो, तर रिपोर्टाचा कागद उशाशी ठेवून रात्र काढू नये.

पावसाळ्यात तर हिशेब आणखी आधी करावा लागतो. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा-विरारचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या, ते अनेकांना आठवत असेल. महामार्गाने जावे तर घोडबंदरच्या खाडीपुलाजवळ कोंडी. म्हणून दुखणे उजवीकडे सरकले आणि आभाळ भरून आले असेल, तर सकाळची वाट न पाहता निघावे. निघाल्यावर मुलाला खायला देऊ नये, पाण्याचेही डॉक्टरांना विचारून पाहावे; शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे लागते. वेदनेची गोळी दिली असेल तर कोणती आणि कधी, ते सांगावे. डॉक्टरांनी वेदनेचे औषध दिले तर रोग लपतो ही जुनी समजूत आता मागे पडली आहे, तेव्हा पोराला कळा सोसत ठेवण्याची गरज नाही.

आणि एक कागद घरच्यांनी स्वतः करावा. दुखणे किती वाजता सुरू झाले, उलटी कधी झाली, दुखणे कधी सरकले, ताप कधी भरला, रक्त किती वाजता काढले. पाच ओळी, मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या तरी चालेल. लॅबच्या रिपोर्टवर तारीख असते, कधी रक्त घेतल्याची वेळही असते, पण दुखणे सुरू झाल्याची वेळ कुठेच नसते. ती फक्त आईला ठाऊक असते. ती वेळ हाताशी नसली, तर ९,८०० आणि ४ या आकड्यांतून कोणत्याही डॉक्टरला फारसे काही वाचता येत नाही.

त्या मुलाच्या आईने आम्हाला निघताना विचारले, अपेंडिक्स काढून टाकले, आता पोराच्या अंगात काही कमी तर पडणार नाही? तिला जे सांगितले तेच इथे सांगतो. काही कमी पडत नाही. न फुटलेले अपेंडिक्स काढले तर मूल बहुधा दोन-तीन दिवसांत घरी येते. याचे फुटले होते म्हणून अकरा दिवस लागले. टाके भरून आले की तो धावेल, सायकल चालवेल, पावसात भिजेलही. फक्त जड दप्तर काही आठवडे दुसऱ्या कोणी उचलावे.